अभिनयाचा पुरस्कार अभिनय शिकणाऱ्यांनीच का देऊ नये?

पहिलीरांग

पुरस्कारांचा मोसम आला की इथे दरवर्षी तोच वाद रंगतो. अमक्याला का दिला, तमकीला का डावललं. यंदा जरा मुळाकडे जाऊ या, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं: मराठी चित्रपटांतल्या अभिनयासाठी एक तरी पुरस्कार असा हवा, ज्यासाठी मत फक्त अभिनय शिकणारी मुलंमुली देतील. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट म्हणजे एफटीआयआय, सावित्रीबाई फुले विद्यापीठातलं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स, अशा ठिकाणी आज जे रोज सकाळी आवाजाचे आणि शरीराचे व्यायाम करतात, ते.

आत्ता काय होतं? राष्ट्रीय आणि राज्य पुरस्कारांना परीक्षक मंडळ असतं. मोजकी माणसं, हाताशी थोडे दिवस आणि समोर ढीगभर चित्रपट. त्यात दिग्दर्शक, लेखक, तंत्रज्ञ असे सगळे. प्रेक्षकांच्या मतांवर चालणारे सोहळे वेगळे. त्यांचा मान मोठा आहे, पण तिथे जीव कलाकारावर असतो, एखाद्या कामावर असेलच असं नाही. अभिनयाकडे निव्वळ अभिनय म्हणून बघणारा डोळा यात कुठे आहे? अमेरिकेत नटांच्या संघटनेने १९९५ पासून स्वतःचे पुरस्कार सुरू केले, तिथे नटच नटांना मत देतात. ऑस्करमध्येही अभिनयाची नामांकनं फक्त नटांची शाखा ठरवते, शेवटचं मत तेवढं सगळ्या सभासदांचं.

मग आपल्याकडेही नटांनीच मत द्यावं की, विद्यार्थी कशाला? कारण आपली चित्रपटसृष्टी लहान आहे. इथे जो तो एकमेकांबरोबर काम करून बसलाय आणि उद्या परत करायचंय. शिकणारा मुलगा अजून कुणाच्या गोटात नसतो. शिवाय जी गोष्ट काल तालमीत आपल्याला जमली नाही, ती दुसऱ्याने पडद्यावर केलेली दिसली की तिची किंमत लगेच कळते.

एक उदाहरण देते. 'कोर्ट' (२०१४) मधली गीतांजली कुलकर्णी यांची सरकारी वकील आठवा. ती कोर्टात कलमं वाचते. एका सुरात, भराभर, हातातलं काम उरकावं तशी. समोर एका माणसाचं आयुष्य पणाला लागलंय आणि हिच्या दृष्टीने तो आजच्या यादीतला एक खटला आहे. मग तीच बाई लोकलच्या बायकांच्या डब्यात साडीबद्दल बोलते, मुलाला घेऊन घरी जाते, स्वयंपाकाला लागते. "बघा हं, ही हिची दुसरी बाजू" असं कुठेही अधोरेखित केलेलं नाही. मी अभिनय शिकवते. वर्गात हा प्रसंग लावला की नंतर मुलांना एखादं सरकारी परिपत्रक देते आणि म्हणते, असं वाचून दाखवा. सगळी मुलं कंटाळा दाखवायला लागतात. खांदे पडतात, जांभई येते, आवाज मुद्दाम मरगळतो. तिच्यात कंटाळा नाहीच, ती काम करतेय! हा फरक मुलांना स्वतः आपटल्यावर कळतो आणि मग ती तो प्रसंग पुन्हा लावायला सांगतात. त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मात्र या भूमिकेला मिळाला नाही. माझ्या वर्गात मतदान घेतलं असतं तर मिळाला असता, याची मला खात्री आहे.

माझी अट एकच. मतासोबत आठदहा ओळी लिहायच्या, त्याही एकाच प्रसंगाबद्दल. नट त्या क्षणी नेमकं काय करतोय ते सांगायचं. "अप्रतिम", "जीव ओतलाय" एवढंच लिहिलं तर मत बाद.

तुम्हाला काय वाटतं?

मोगरा

पहिलीरांग ताई, जोरदार अनुमोदन. आठदहा ओळींची अट सगळ्यात आवडली. वर्तमानपत्रांतली परीक्षणंसुद्धा "अमुकने भूमिकेला न्याय दिला आहे" यावर आटोपतात.

पडद्याआड

मी संकलक आहे, त्यामुळे मला इथे थोडं आडवं यावं लागेल.

सिनेमातला निम्मा अभिनय आमच्या टेबलावर घडतो. ज्या पॉझबद्दल नटाची वाहवा होते तो पॉझ कित्येकदा आम्ही वाढवलेला असतो. नटाने वाक्य लगेच घेतलेलं असतं, आम्ही मध्ये समोरच्याचा क्लोजअप टाकतो आणि त्याचं वाक्य त्यावर उशिरा आणतो. प्रतिक्रिया म्हणून लागलेला चेहरा तर कधी कधी 'अ‍ॅक्शन' म्हणायच्या आधीचा असतो, जेव्हा नट नुसता उभा राहून लाइट होण्याची वाट बघत असतो. लोक म्हणतात काय बघितलंय हो त्याने! एका प्रसंगात तिसऱ्या टेकमधली नजर आणि सातव्या टेकमधला आवाज हे तर रोजचंच.

नाटक शिकणाऱ्या मुलाला हे कुठे ठाऊक असणार? तो नटाचं म्हणून ज्याला मत देईल ते काम दिग्दर्शकाचं आणि आमचं असेल. नाटकासाठी असा पुरस्कार काढा, माझा पहिला पाठिंबा. सिनेमासाठी मात्र मला शंका आहे.

पहिलीरांग

पडद्याआड, तुमचा मुद्दा खराच आहे, पण तो सगळ्याच परीक्षकांना लागू होतो. राष्ट्रीय पुरस्काराच्या परीक्षकांपुढे तरी रशेस, म्हणजे न कापलेलं मूळ चित्रण, कुठे असतात? त्यांनाही तयार चित्रपटच बघायचा असतो.

मी 'कोर्ट'च का निवडला, तेही सांगते. तो चित्रपट बराचसा लांबून, स्थिर कॅमेऱ्यासमोर, लांबलचक शॉट्समध्ये घेतलाय. कात्रीला फारसा वावच नाही. समोरचा बोलत असताना नट काय करतोय, ऐकतोय की आपल्या वाक्याची वाट बघतोय, सगळं उघड्यावर. वर्गात मी नेमकं हेच शिकवते: क्लोजअपवर भुलू नका, दोन माणसं एकत्र दिसतायत तिथे न बोलणाऱ्याकडे बघा. शिकणाऱ्याला ही सवय लावता येते, सर्वसाधारण प्रेक्षकाने ती लावून घ्यावी असं आपण म्हणू शकत नाही.

आणि मतदानाआधी एखाद्या संकलकाने दोन तास येऊन मुलांना हेच सगळं दाखवलं तर? तुम्ही याल का?

पडद्याआड

येईन, नक्की येईन. पण मग एक धोका सांगून ठेवतो. लांब शॉटवाल्या कामांनाच मतं पडतील. वेगवान कथेत तीन-चार सेकंदांच्या तुकड्यांत काम करणारा नट मागे राहील, आणि ते कामही सोपं नाही. सकाळी मोठ्या शॉटमध्ये डोळ्यांत जे होतं तेच संध्याकाळी क्लोजअपमध्ये आणायचं, हात त्याच वाक्याला त्याच उंचीवर. बेअरिंग सुटलं की आम्हाला लगेच कळतं. ज्याचे तुकडे निमूट जुळतात तो नट आमच्यासाठी सोनं असतो, आणि त्याला या कामाची शाबासकी कुणीच देत नाही.

दुसरं, डबिंग. आवाज कुणाचा आहे हे मतदानाआधी जाहीर व्हायला हवं. 'बाडीवाली' या बंगाली चित्रपटासाठी किरण खेर यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा पडद्यावरचा आवाज दुसऱ्या अभिनेत्रीचा आहे यावरून मोठा वाद झाला होता, कारण नियमाप्रमाणे आवाज स्वतःचा हवा होता. मराठीत बहुतेक जण स्वतःच डब करतात, पण प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या वेळचा आवाज ठेवणं आणि नंतर स्टुडिओत उभं राहून तोच भाव पुन्हा आणणं ही दोन वेगळी कामं आहेत.

दुसरंवर्ष

मी सध्या अभिनय शिकतेय (संस्थेचं नाव सांगत नाही). ज्यांच्याबद्दल एवढी चर्चा चाललीय त्यांच्यापैकी एक म्हणून लिहिते.

ताई, "शिकणारा कुणाच्या गोटात नसतो" हे अर्धंच खरं आहे. आम्ही गोटात नसतो, पण सगळ्यांच्या दाराशी असतो. वर्गातला प्रत्येक जण कुठे ना कुठे ऑडिशन देऊन फोनची वाट बघतोय. ज्या दिग्दर्शकाकडे मंगळवारी ऑडिशन दिलीय त्याच्या चित्रपटातल्या नटाला सोमवारी मत नाकारायला छाती लागते. मत गुप्त हवंच, पण त्या आठदहा ओळींचं काय? आमच्या वर्गात कोण कसं लिहितं हे सगळ्यांना माहीत आहे. ओळी छापणार असाल तर नाव काढून, संस्थांची सरमिसळ करून छापा.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. पहिल्या वर्षी आम्हाला जे दिसतं ते दिसण्यातलं असतं. कुणी वीस किलो वजन वाढवलं, कुणी डोकं भादरलं, कुणी पावसात पाच मिनिटं हंबरडा फोडला. ते अवघड असतंच, त्याला कमी लेखत नाही. पण दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर कधीतरी नजर बदलते. आम्हाला एक अभ्यास होता: दोघांचा प्रसंग, त्यातल्या एकाला वाक्यच नाही, त्याने फक्त ऐकायचं. मी ऐकताना इतकं काही करत होते, मान डोलव, डोळे मोठे कर, ओठ चाव, की माझ्या जोडीदाराला आपली वाक्यं आठवेनात. सर म्हणाले, "तू त्याचं ऐकत नाहीयेस, तू आम्हाला ऐकून दाखवतेयस." त्या दिवसानंतर मी चित्रपट वेगळे बघायला लागले. म्हणून माझी सूचना अशी की मत दुसऱ्या वर्षापासून पुढच्यांनाच असावं. पहिल्या वर्षाच्या मुलांनी चर्चेला बसावं, ऐकावं.

मोगरा

दुसरंवर्ष, किती छान लिहिलंयस. "ऐकून दाखवणं" मालिकांमध्ये रोज दिसतं, आता ते नजरेतून जायचं नाही.

वऱ्हाडकर

चर्चा चांगली चालू आहे, पण पुन्हा पुणे आणि मुंबईच. अभिनय शिकणारे तिथेच राहतात का?

छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, तिथून केवढे नट आले. आमच्याकडे पूर्व विदर्भात झाडीपट्टी रंगभूमी आहे. वडसा म्हणजे देसाईगंज, तिथे नाट्यमंडळांची कार्यालयं ओळीने. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की गावोगाव रात्रभर नाटकं. त्या मंडळांत उभी राहणारी पोरं हजारो लोकांपुढे आवाज फेकायला शिकतात, विनोदाचं टायमिंग शिकतात. त्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही. ती शिकणारी नाहीत असं म्हणणार का?

ज्या 'कोर्ट'चं कौतुक चाललंय त्यात आरोपी नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार आमच्या नागपूरचे. कार्यकर्ता माणूस, 'विद्रोही' मासिकाचे संपादक. कुठल्या अभिनयशाळेत गेले नव्हते. २०२१ मध्ये करोनात गेले. अख्ख्या चित्रपटात त्यांना फार वाक्यं नाहीत, पण तो माणूस कठड्यात नुसता उभा राहिला तरी वाटतं की याने असे कठडे आधी पाहिलेत.

अजून एक अडचण. चित्रपट बघायचे कुठे? आमच्या तालुक्याला मराठी चित्रपट लागला तर लागला, लागलाच तर दुपारी एकचा एक खेळ आणि शुक्रवारी उतरला. मत द्यायचं तर बघायला तर मिळाला पाहिजे.

पहिलीरांग

वऱ्हाडकर दादा, मी सुरुवातीच्या यादीत मराठवाडा विद्यापीठ घ्यायलाच हवं होतं. झाडीपट्टीचा मुद्दा मात्र मला अवघड वाटतो. त्यांना शिकणारे न म्हणण्याचं धाडस माझ्यात नाही. पण पुरस्काराची ओळखच "विद्यार्थ्यांचं मत" अशी असेल तर मतदारयादीला काहीतरी कडा लागते, नाहीतर उद्या शनिवार-रविवारचं पंधरा दिवसांचं शिबिर करणाराही यादीत येईल आणि असली शिबिरं तर गल्लोगल्ली निघालीयत. सुरुवातीला पूर्णवेळ शिकणारे, आणि झाडीपट्टीच्या मंडळांतून काही निमंत्रित मतदार, असं करता येईल का? यावर तुमचंच मत हवंय.

वऱ्हाडकर

निमंत्रित चालतील, पण पाहुणे म्हणून नको. मत सारखंच धरा, आणि त्यांच्या ओळी झाडीबोलीत आल्या तर त्या तशाच छापा, प्रमाण भाषेत धुऊन काढू नका.

जुनीतिकिटं

वयाने तुमच्या सगळ्यांपेक्षा मोठा आहे, म्हणून थोडं मागचं.

वऱ्हाडकरांनी साथीदारांचं नाव काढलं त्यावरून गौरी आठवली. 'संत तुकाराम' (१९३६) मधली जिजाई. प्रभात फिल्म कंपनीत साफसफाईसारखी हलकी कामं करता करता कॅमेऱ्यासमोर आलेली बाई. विष्णुपंत पागनीसांच्या तुकारामाबद्दल सगळे बोलतात आणि बोलावंच. पण ती जिजाई बघा. पोर आजारी, घरात दाणा नाही आणि नवरा विठ्ठल विठ्ठल करतोय. ती पोराला घेऊन तरातरा देवळात जाते आणि वहाण हातात घेऊन विठोबालाच फैलावर घेते. त्यात भक्ती आहे, राग आहे, आणि त्या देवाशी घरच्या माणसासारखी सलगीही आहे. हे तिला कुणी शिकवलं असेल? आज जिथे मुलं फी भरून अभिनय शिकतात ती एफटीआयआय त्याच प्रभातच्या जागेवर उभी आहे. माझा प्रश्न साधा आहे: शिकलेल्या मुलांना न शिकलेल्या माणसाचं काम मोठं आहे असं मत देणं जमेल का? की "हा तर मुळातच तसा आहे, अभिनय कुठे केला" असं म्हणून ती पुढे जातील?

दुसरं, या मुलांचा मान वाढायला हवा या मताचा मी पूर्वीपासून आहे. सत्तरच्या दशकात एफटीआयआयमध्ये दिग्दर्शनाचे विद्यार्थी आपल्या डिप्लोमा फिल्ममध्ये अभिनयाच्या विद्यार्थ्यांना घेत नाहीत, म्हणून अभिनयाच्या मुलांनी आंदोलन केलं होतं. नसीरुद्दीन शाह त्यात होते. संचालक होते गिरीश कर्नाड, आणि त्याच कर्नाडांनी पुढे श्याम बेनेगलांना 'निशांत'साठी नसीरचं नाव सुचवलं. पुढे तर तो अभिनयाचा अभ्यासक्रमच कित्येक वर्षं बंद राहिला. म्हणजे सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेतही अभिनयाच्या मुलांना आपली जागा भांडून मिळवावी लागली. आता त्यांच्या हाती मत येणार असेल तर मला आनंदच आहे.

दुसरंवर्ष

काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं, कारण आमच्या वर्गात 'सैराट'वरून हेच भांडण झालं होतं. रिंकू राजगुरू तेव्हा अकलूजच्या शाळेत शिकणारी मुलगी. राष्ट्रीय पुरस्कारांत तिच्या कामाचा विशेष उल्लेख झाला. वर्गातले निम्मे म्हणत होते, ती स्वतःच तशी बिनधास्त आहे, दिग्दर्शकाने तिला फक्त तसं राहू दिलं. मी दुसऱ्या बाजूला होते. बुलेट चालवणारी, डोळ्याला डोळा भिडवणारी आर्ची ती "मुळातच" असेल, ठीक आहे. पण उत्तरार्धात हैदराबादच्या त्या वस्तीत, भाषा कळत नाही, बाथरूम स्वच्छ नाही, घर आठवतंय आणि परशावरचा विश्वास हलतोय, तिथली आर्ची कुठून आली? तो अनुभव त्या वयाच्या मुलीजवळ नव्हता. तो तिने उभा केला. तिची चाल बदललीय, मान खाली आलीय, आणि तरी मध्येच जुनी आर्ची उसळी मारते. हे काम आहे, नुसतं असणं नाही. भांडण संपलं तेव्हा वर्गातले बरेच जण आमच्या बाजूला आले होते.

म्हणून मला वाटतं की जमेल. पण नुसतं मत टाकून जमणार नाही, आधी भांडायला मिळालं पाहिजे.

ल्योंवासी

दुसरंवर्ष हिच्या शेवटच्या वाक्यासाठी खास लॉगिन केलं. मी फ्रान्समध्ये राहतो, इथली पद्धत सांगतो.

इथे गोंकूर हा साहित्यातला सगळ्यात मानाचा पुरस्कार. १९८८ पासून त्याचाच एक शाळकरी मुलांचा पुरस्कार सुरू झाला. देशभरातले पन्नासेक वर्ग, मिळून सुमारे दोन हजार मुलं, गोंकूरच्या पहिल्या यादीतली सगळी पुस्तकं शाळा सुरू झाल्यावर दोनेक महिन्यांत वाचतात. मग वर्गात चर्चा, मग प्रत्येक वर्गाचा एक प्रतिनिधी विभागीय बैठकीला, आणि तिथून निवडलेले थोडे जण शेवटच्या बैठकीला. हे प्रतिनिधी आपल्या वर्गाची बाजू मांडतात, इतरांची ऐकतात आणि मग ठरतं. या पुरस्कारावर पुस्तकं तडाखेबंद खपतात, कारण वाचकांना माहीत आहे की मुलांनी खरोखर वाचून दिलाय.

सिनेमातही ते आलं. सेझार म्हणजे इथले राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार. २०१९ पासून शाळेच्या शेवटच्या वर्षातली मुलं स्वतःचा सेझार देतात. युरोपातल्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांचाही एक पुरस्कार २०१६ पासून आहे, पहिल्या वर्षी तो केन लोच यांच्या 'आय, डॅनियल ब्लेक'ला गेला. मात्र हे दोन्ही पुरस्कार अख्ख्या चित्रपटासाठी आहेत. तुम्ही म्हणता तसा खास अभिनयासाठी, अभिनयाच्या विद्यार्थ्यांनी दिलेला पुरस्कार करून दाखवलात तर ती वेगळी गोष्ट होईल.

एक मात्र सांगायला हवं. मुलांच्या सेझारच्या पहिल्या दोन्ही वर्षी त्यांनी निवडलेला चित्रपट आणि मोठ्यांनी निवडलेला चित्रपट एकच होता. 'आय, डॅनियल ब्लेक'ला तर आधीच कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला होता. तेव्हा निकाल दरवर्षी धक्कादायक लागेल ही अपेक्षा ठेवू नका.

मोगरा

पण मग निकाल तोच लागणार असेल तर एवढा खटाटोप कशासाठी? मी विरोधात नाही, मनापासून विचारतेय.

पहिलीरांग

मोगरा, निकाल तोच लागला तरी कारणं लिहून आलेली असतील! विक्रम गोखले यांना 'अनुमती'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, इरफान खान यांच्याबरोबर विभागून. दोघेही मोठे नट, वाद नाहीच. पण परीक्षकांना त्या कामात काय दिसलं हे आपल्यापर्यंत एक-दोन गोळीबंद वाक्यांतच पोचतं. गोखल्यांच्या कामावर शंभर विद्यार्थ्यांनी आठआठ ओळी लिहिल्या असत्या तर तो मराठीतला अभिनयाचा केवढा मोठा दस्तऐवज झाला असता. आज मी वर्गात मराठी नटाच्या कामावर वाचायला द्यावं म्हटलं तर आठवणी मिळतात, किस्से मिळतात, मुलाखती मिळतात. एक प्रसंग घेऊन तो नटाने कसा बांधला हे सांगणारं लिखाण शोधावं लागतं. मुलं मग इंग्रजी पुस्तकं वाचून परदेशी नटांची उदाहरणं देतात. निळू फुले 'सामना'मध्ये डॉ. लागूंसमोर आवाज न चढवता दरारा कसा निर्माण करतात, यावर किती पानं लिहिली गेलीयत?

मला पुरस्कारापेक्षा त्या ओळींची भूक जास्त आहे. पण नुसतं "लिहा" म्हटलं तर कोणी लिहीत नाही. मत देण्याचा अधिकार आला की लिहितील.

मोगरा

पटलं. हे वरच लिहायला हवं होतंत, धाग्याचा जीव इथे आहे.

पडद्याआड

आता व्यवहाराचं बोलू या का? ऑस्करवाल्यांनी २०२५ मध्ये नियम केला की ज्या विभागात शेवटचं मत द्यायचं त्या विभागातले सगळे नामांकित चित्रपट बघितलेच पाहिजेत. इतकी वर्षं न बघता मत देता येत होतं हेच आश्चर्य. आपणही तोच नियम धरू. त्यासाठी नामांकनं थोडी ठेवा, पाच-सहा कामं, म्हणजे मुलांना सगळी बघता येतील. वऱ्हाडकरांच्या अडचणीवरही तोच उपाय आहे. निर्मात्यांकडून परवानगी घेऊन प्रत्येक संस्थेत ठरलेल्या दिवशी एकत्र खेळ लावायचा. मोबाइलवर लिंक पाठवू नका, त्यात चित्रपट फुटण्याची भीती निर्मात्याला असते आणि ती रास्त आहे. आणि अभिनय मोबाइलवर बघूही नये. डोळ्यातलं काम दिसतच नाही.

वऱ्हाडकर

खेळ नागपूरलाही लावा आणि वडशालाही. हंगामाच्या आधी, म्हणजे पावसाळ्यात. हंगाम सुरू झाला की कलाकार मोकळे नसतात. वडशात सभागृहाची व्यवस्था मी बघतो, तेवढी ओळख आहे.

दुसरंवर्ष

मुख्य भूमिका, सहायक भूमिका असे विभाग ठेवू नका अशी माझी विनंती आहे. एका प्रसंगापुरता आलेला चहावाला, पोस्टमन, नर्स, यांनाही मत देता यायला हवं. आम्हाला बाहेर पडल्यावर पहिली पाच वर्षं तीच कामं मिळणार आहेत.

जुनीतिकिटं

याला माझं पहिलं अनुमोदन.

आता एक कडू मुद्दा. महाविद्यालयीन एकांकिकांच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत, २०२२ च्या अंतिम फेरीत परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही, एकही एकांकिका त्या पात्रतेची वाटली नाही म्हणून. १९६३ पासूनची स्पर्धा, केवढा गहजब झाला. निम्मे म्हणाले मुलांचा हिरमोड केला, निम्मे म्हणाले दर्जा राखला. तुमच्या मतपत्रिकेवर "या वर्षी कुणीही नाही" असा पर्याय ठेवणार का? मी म्हणतो ठेवा. ज्याला नकार देता येतो त्याच्याच होकाराला वजन असतं.

पहिलीरांग

काका, मी याच्या विरुद्ध आहे. तिथे परीक्षक अनुभवी होते आणि स्पर्धक विद्यार्थी. इथे उलट आहे. वीस-बावीस वर्षांच्या मुलांनी वर्षभराच्या सगळ्या कामाला नाही म्हणावं, यात मला शिकण्यापेक्षा तोरा येण्याची भीती वाटते. शिवाय वर्षभरातल्या एवढ्या चित्रपटांत एका प्रसंगापुरतंसुद्धा चांगलं काम सापडलं नाही, तर दोष बघणाऱ्याचा. चहावाल्यालाही मत देता येणार असेल तर "कुणीही नाही" म्हणायला जागाच उरत नाही.

दुसरंवर्ष

ताई, या एका बाबतीत मी काकांच्या बाजूला आहे. तोरा येईल म्हणून पर्याय काढून घेणं म्हणजे आमच्यावर अर्धाच विश्वास ठेवणं. पर्याय ठेवा, पण त्यालाही आठदहा ओळींची अट लावा. कुणीच का नाही हे सहाही कामांचं नाव घेऊन लिहायचं. मग बघा किती जण तो पर्याय घेतात.

पहिलीरांग

सहाही कामांवर लिहायचं असेल तर चालेल. मान्य.

आता ठरलेलं असं: पूर्णवेळ शिकणारे, दुसऱ्या वर्षापासून पुढचे, झाडीपट्टीतले निमंत्रित मतदार, मत सारखंच. नामांकनं कोणी काढायची हे अजून सुटलेलं नाही, त्यावर लिहा. पुढच्या आठवड्यात मी दोन संस्थांतल्या शिक्षकांशी बोलतेय. इथे जे विद्यार्थी वाचत असतील त्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवा, नाव आणि संस्था गुप्त राहील. आणि पडद्याआड, तुमचे ते दोन तास मी पक्के धरलेत. एकाच प्रसंगाचे दोन वेगळे कट आणता आले तर बघा, म्हणजे मुलांना समोरच दाखवता येईल.

पडद्याआड

दोन कशाला, तीन आणतो. माझ्याच एका जुन्या कामातले, निर्मात्याची परवानगी घेऊन. एका कटमध्ये नट रडका वाटतो, दुसऱ्यात धीराचा, तिसऱ्यात लबाड. त्याने एकच केलं होतं. नेमकं काय केलं होतं ते आधी मुलांनी सांगायचं, रशेस मी शेवटी लावीन.